एका घराची दोन दारं

सोमवार, १ सप्टेंबर

ड्रॉइंग पहिल्या फटक्यात अप्रूव्ह झालं. एकही लाल खूण नाही. आमच्या मॅनेजर खैरुद्दीन साहेबांनी सगळ्या ऑफिससमोर सांगितलं, "देखो, विभावरी मॅडम का काम. दूसरे लोग तीन-तीन रिव्हिजन करते हैं." सतरा वर्षं मी दुबईत अल क्वोजच्या या सजावटीच्या कारखान्यात ड्रॉइंग काढतेय, तरी कौतुक कानावर पडलं की अजून गोड लागतं. खोटं कशाला बोलू?

काम मजेशीर आहे. एका मॉलमध्ये 'हरवलेली शहरं' म्हणून प्रदर्शन भरणार आहे. त्यात एक शहर तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरचं, मायरा. तो सगळा मुलूख पूर्वी लिशिया म्हणून ओळखला जायचा. खाली पडक्या दगडी पायऱ्यांचं नाट्यगृह आणि मागे उभा कडा. त्या कड्यात तेवीस-चोवीस शतकांपूर्वीच्या लोकांनी थडगी कोरली, तीही हुबेहूब घरांसारखी, एकावर एक, चाळीच्या खोल्या असाव्यात तशी. त्यातलं एक थडगं आम्ही खऱ्या मापाचं बनवायचं. थर्मोकोल मशीनवर कापायचं, त्यावर सिमेंटसारखा लेप, त्यावर रंग. पाठीमागे आधाराला लाकडी सांगाडा.

एक गोष्ट इथेच लिहून ठेवते, दुसरीकडे कुठे लिहिता यायची नाही. आलेल्या स्कॅनमध्ये डाव्या बाजूला कड्यातून एक झुडूप वाढलंय. त्यामागचं धड दिसत नव्हतं. म्हणून मी फक्त उजवी बाजू काढली आणि आरशात दिसावी तशी उलटवून डावीकडे ठेवून दिली. दोन दिवसांचं काम दोन तासांत. आमच्या धंद्यात सगळेच असं करतात, कॉम्प्युटरवर त्याला एक बटणच आहे. आणि हे एवढं कौतुक झालं ते त्या बटणाचं. असो, मेलेल्यांना काय कळतंय.

गुरुवार, ४ सप्टेंबर

आज भिवा मेस्त्रींनी माझ्या जेवणाची चव घालवली.

मेस्त्री म्हणजे आमच्या सुतारखात्याचे फोरमन. कुडाळजवळच्या गावचे, वय सत्तावन्न, तीस वर्षं दुबईत, त्यातली बारा आमच्याकडे. पाठीमागचा लाकडी सांगाडा त्यांच्याकडे आहे, म्हणून प्रिंट घेऊन आले. कागद टेबलावर पसरला, चष्मा कपाळावर चढवला आणि बराच वेळ बघत राहिले.

"मॅडम, हे घर कोणाचं?"

"घर नाही मेस्त्री, थडगं आहे. कोणी मोठा माणूस असेल."

"किती भाऊ होते त्याला?"

"मला काय माहीत? का?"

"नाय, वाटणी झालेली दिसते." त्यांनी खालच्या दोन्ही दारांवर बोट ठेवलं. "एका घराला शेजारी शेजारी दोन दारं कोण पाडील? आमच्याकडे भाऊ वेगळे झाले की आधी दुसरं दार पडतं, मधली भिंत मागाहून येते. आमच्या घराला पण आहेत तशी. बापाने एकच ठेवलं होतं."

मी हसले. ते हसले नाहीत. मग मला वासे दाखवू लागले. म्हणे, "हे काम दगडवाल्याचं नाय, सुताराचं आहे. सुताराने बांधलेलं घर समोर ठेवून दगडवाल्याने कोरलंय. बघा, वाशाची टोकं बाहेर सोडलीत. हा आडवा ह्या उभ्याच्या खाचेत बसलाय. दगडात खाचेची काय गरज? पण त्याने सोडली नाय. जसं होतं तसंच केलं." हे सगळं ते अशा आवाजात सांगत होते की जणू तो दगडवाला पलीकडच्या शेडमध्ये बसलाय. "असा माणूस दोन दारं करणार नाय, मॅडम. तुम्ही फोटो बघा परत."

मी हो म्हटलं. डबा उघडला आणि भाजी तशीच ठेवून झाकण लावलं.

सोमवार, ८ सप्टेंबर

तीन दिवस सुट्टीत ढकलले. आज फोल्डरमधले बाकीचे फोटो उघडले. आधी उघडलेच नव्हते, गरज काय होती?

चाळीस फोटो आहेत. सदतिसावा बाजूने घेतलेला आहे, त्यात झुडुपामागचं स्वच्छ दिसतं. डावीकडे दार नाही. चौकट आहे, चौकटीत सपाट दगडी फळी आहे, पण ती कधीच न उघडणारी. दार एकच, उजवीकडे, आणि तिथे दगडी फळी सरकवायची खाच आहे. आत एक कुटुंब ठेवलं असणार. आई, बाप, पुढे मुलं. सगळी एकाच दाराने आत गेली असणार.

आणि मी, विभावरी दातार, दोन तासांत त्या घराची वाटणी करून मोकळी झाले.

मशीनवर कापून झालंय. उद्यापासून लेप.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

नवऱ्याला, प्रकाशला सांगितलं. त्याने फोनवरची नजर न काढता विचारलं, "कुणाच्या लक्षात आलं का?"

"मेस्त्रींच्या."

"क्लाएंटच्या?"

"नाही."

"मग झालं तर. कशाला नसत्या उचापती? बावीस वर्षं आपण दुबईत टिकलो ते कशामुळे? तोंड मिटून." हे त्याचं ठरलेलं वाक्य आहे. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या या घरात ते मी पंचवीसदा तरी ऐकलं असेल.

ईशानी सोफ्यावरून म्हणाली, "आई, इट्स लिटरली थर्मोकोल. नोबडी केअर्स."

"मला केअर आहे," मी म्हटलं.

"सिन्स व्हेन?"

पोरगी पंधरा वर्षांची आहे, पण नेमकं वर्मावर बोट ठेवते. खरंच, कधीपासून? मी एवढ्या वर्षांत किती गोष्टी उलटवून ठेवल्या असतील. रेस्टॉरंटचे खांब, हॉटेलांच्या कमानी, एका शाळेचं अख्खं स्टेज. तिथे मूळ असं काही नव्हतंच, आम्ही काढू तेच मूळ. इथे मात्र कोणीतरी कड्याला लटकून महिनोन्महिने छिन्नी चालवली, खाच नको असताना खाच सोडली, आणि मला एक झुडूप बाजूला सारून बघायचा कंटाळा आला. मला माझाच राग आलाय आणि तो जात नाहीये.

सोमवार, १५ सप्टेंबर

खैरुद्दीन साहेबांना सांगून टाकलं. केबिनचं दार लावलं, सदतिसावा फोटो समोर ठेवला आणि म्हटलं, "साहब, मेरी गलती है. एक दरवाज़ा बंद करना पड़ेगा."

साहेब हैदराबादचे, आवाज चढवत नाहीत. त्यांनी चहा मागवला. मग म्हणाले, "मॅडम, आपको मालूम, मेरे को मालूम. तीसरा कौन है? वो मरने वाला तो कंप्लेंट करने नहीं आ रहा. क्लाएंट ने साइन किया, मैं साइन के हिसाब से बनाता. खलास."

"लेकिन गलत है."

"अप्रूव्हल है तो गलत कैसे?"

या वाक्यावर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सतरा वर्षं हे वाक्य मीही इतरांना ऐकवलंय, म्हणून जास्तच. चहा न पिता उठले.

खाली मेस्त्रींना सांगितलं, साहेब ऐकत नाहीत. ते रंध्याला धार लावत होते. म्हणाले, "ऐकणार नायच." मग म्हणाले, त्यांचा व्हिसा पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला रिन्यू व्हायचाय. परवाही हेच सांगितलं होतं. वय झालं की माणसं एकच गोष्ट दोनदा सांगतात.

गुरुवार, १८ सप्टेंबर

आज क्लाएंटकडून हुमेरा आली. तिशीची, चटपटीत, बोलायला गोड. लेप लावून उभं केलेलं थडगं बघून तिने टाळ्या वाजवल्या. दोन दारांचे दोन उथळ कोनाडे आहेत, आत जेमतेम एक माणूस उभा राहील. ती एका कोनाड्यात जाऊन उभी राहिली, तिच्यासोबतचा पोरगा दुसऱ्यात. फोटो काढला.

"ओ माय गॉड, हिज़ एंड हर्स! ये हमारा कपल पॉइंट होगा."

फोटोचं वेगळं तिकीट लावणार आहेत, सत्तर दिरहम. म्हणजे सोळा-सतराशे रुपये देऊन नवरा-बायको एका थडग्याच्या दोन दारांत उभे राहून हसणार. त्यातलं एक दार माझ्या आळसाचं.

मला राहवलं नाही. म्हटलं, "मॅम, असल में एक ही दरवाज़ा है. ड्रॉइंग में मिस्टेक हुआ."

"बट टू इज़ सो मच क्यूटर!" मग तिने टॅबवर ड्रॉइंग काढलं आणि नखाने खालचा कोपरा दाखवला. "और ये तो आपका ही साइन है, ना?"

माझंच. तोंडात मारल्यासारखं झालं. साहेब माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की अजून एक शब्द बोललीस तर बघ. मी बोलले नाही. पण आजच ठरवून टाकलं, ते दार मी बंद करणार. परवानगी मिळो न मिळो. मी उघडलंय, मीच बंद करणार.

मंगळवार, २३ सप्टेंबर

घरी बसून फळीचं ड्रॉइंग काढलं. यात काही उलटवलं नाही, एकेक रेघ फोटोवरून मोजून काढली. चार संध्याकाळी गेल्या. ईशानी दोनदा येऊन मागे उभी राहिली आणि निघून गेली.

आज ते घेऊन मेस्त्रींकडे गेले. म्हटलं, "मेस्त्री, अशी एक फळी बनवायची. गुपचूप नाही, पण बोभाटाही नको."

त्यांनी ड्रॉइंग नीट बघितलं. मग मागच्या रॅकवरचं प्लायवूड बाजूला केलं. त्यामागे फळी तयार होती. लाकडाची, वर लेप मारलेला, कडेला दगडासारखी किंचित झीजसुद्धा आणलेली. माझ्या मापात आणि त्यांच्या मापात दोन मिलिमीटरचा फरक निघाला, आणि त्यांचं बरोबर होतं.

"बनवून ठेवलीय," ते म्हणाले. "दहा दिवस झाले."

मी सांगायच्या आधीच त्यांनी माझ्या मनातलं ओळखलं. असा माणूस हाताखाली मिळायला भाग्य लागतं.

ते म्हणाले, "पण मॅडम, एकदा लावली की परत काढता यायची नाय, अशी खाच केलीय. आणि माझं ते वीस तारखेचं..."

"घाबरू नका मेस्त्री, मी आहे ना. माझ्या जबाबदारीवर लावतोय आपण."

त्यांनी फळी पुन्हा प्लायवूडमागे ठेवली.

बुधवार, १ ऑक्टोबर

खंडेनवमी. मेस्त्रींनी दरवर्षीप्रमाणे पटाशा, रंधे, करवती पाटावर मांडल्या, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. आज हत्याराला हात नाही. साहेबही आले, पेढा घेतला, "ये सबसे पुरानी वाली कौन सी है?" विचारलं. मेस्त्रींनी बापाची पटाशी दाखवली. साहेबांनी ती उचलली नाही, नुसती वाकून बघितली. म्हणून हा माणूस मला आवडतो. आणि म्हणूनच त्याचा राग जास्त येतो.

थडगं कालच मॉलमध्ये नेऊन उभं केलंय. दहा तारखेला उद्घाटन. जाताना मेस्त्री म्हणाले, "उद्या दसरा आहे. उद्या लावू."

थडग्याचं दार लावायला दसऱ्याचा मुहूर्त! मला इतकं हसू आलं की मेट्रोत शेजारची बाई बघायला लागली.

गुरुवार, २ ऑक्टोबर

लावलं.

सकाळी दहा वाजता, सगळ्यांच्या देखत. मी चोरासारखी करणार नाही असं आधीच ठरवलं होतं. मॉलच्या त्या हॉलमध्ये इलेक्ट्रिशियन होते, रंगारी होते, पलीकडे दुसऱ्या कंपनीची माणसं नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर खोटं शेवाळ चिकटवत होती. आम्ही फळी उचलून आणली तेव्हा खैरुद्दीन साहेब मध्येच उभे होते. त्यांनी फळीकडे बघितलं, मेस्त्रींकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली नाही. त्यांनी खिशातून फोन काढला, "हां हां, बोलो" म्हणत बाहेर गेले. फोन वाजलेला मी काही ऐकला नव्हता.

मेस्त्रींनी फळी कोनाड्याच्या तोंडाशी तिरपी धरली, खालची कड खाचेत टेकवली आणि तळहाताने दोन ठोके दिले. तिसऱ्या ठोक्याला ती आत बसली. लाकूड जागेवर बसल्याचा आवाज वेगळाच असतो, तो मलासुद्धा कळला. मग कडेने लेप भरला, मी ब्रशने रंग ओढला. अडीच तास लागले. मागे सरकून बघितलं तर घर एकदम गप्प झालं होतं. दारावर आता बघणाऱ्याची नजर ठरत होती. आधी ती दोन दारांमध्ये नुसती इकडून तिकडे पळायची.

"आता बरोबर," मेस्त्री म्हणाले. एवढंच.

साहेब परत आले. "ये कब हुआ?" त्यांनी हवेत विचारलं आणि उत्तराची वाट न बघता इलेक्ट्रिशियनला ओरडायला गेले.

मी आज फार खूश आहे. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी साइन नसलेलं काम केलं. येताना श्रीखंड आणलं. प्रकाशला काही सांगितलं नाही, पण ईशानीला सांगितलं. ती म्हणाली, "वेट, यू जस्ट डिड इट? लाइक, विदाउट आस्किंग?" आणि दुसरी वाटी भरून घेतली.

सोमवार, ६ ऑक्टोबर

हुमेराने पाहिलं. सकाळी मेल, दुपारी दुसरा मेल, त्यात तिच्या वरच्यांनाही कॉपी. 'परवानगीशिवाय बदल', 'कपल पॉइंट रद्द', 'जबाबदार कोण ते लेखी कळवा'. फळी काढून बघा म्हणून त्यांनी दुसरे लोक पाठवले. त्यांनी सांगितलं, काढायची तर अख्खा दर्शनी भाग फुटेल, मग दहा तारीख विसरा. म्हणजे दार राहणार. मी जिंकले!

साहेब मात्र दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

दोन पत्रं आली. मला वॉर्निंग. मेस्त्रींना नोकरीवरून कमी, व्हिसा रिन्यू नाही.

मी पत्र घेऊन तशीच केबिनमध्ये घुसले. "ड्रॉइंग मेरा, ऑर्डर मेरी, और जाएगा वो?"

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मैंने नहीं किया मॅडम, ऊपर से आया. क्लाएंट को एक नाम चाहिए था. हाथ उसका था, नाम उसका गया. आपको मैं क्या बोलूं, आप तो हस्बंड के व्हिसा पे हो. आपका क्या बिगड़ने वाला था?"

नोकरी गेली तरी मी इथेच राहीन, त्यांना मात्र गावी परतावं लागेल. हे मला आजवर सुचलं नव्हतं. खरंच सुचलं नव्हतं. वीस तारीख त्यांनी मला तीनदा सांगितली. मी त्यांना "घाबरू नका, मी आहे ना" असं म्हटलं होतं. मी कुठे आहे? मी डिस्कव्हरी गार्डन्समध्ये एसीत बसून डायरी लिहितेय.

मी म्हटलं, "कुछ तो रास्ता होगा."

साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, एकच आहे. मेस्त्रींनी लिहून द्यायचं की मॅडमनी सांगितलं म्हणून केलं, मला काही ठाऊक नव्हतं. मी त्याखाली कबुली द्यायची. मग ते राहतील, मी जाईन. वरच्यांशी ते बोलून घेतील.

"यल्ला, चलो," मी म्हटलं. "आज ही लिखती हूँ."

प्रकाशला सांगितलं. तो बराच वेळ खिडकीतून समोरच्या, आमच्यासारख्याच दिसणाऱ्या बिल्डिंगकडे बघत राहिला. मला वाटलं आता तोंड मिटण्यावर प्रवचन येणार. तो म्हणाला, "माणूस वाचत असेल तर लिही."

शनिवार, ११ ऑक्टोबर

इतका राग आलाय की अक्षर नीट येत नाही.

पत्र टाइप करून सुतारखात्यात गेले. मेस्त्री आपली हत्यारं गोणपाटात गुंडाळत होते. मी त्यांना पत्र मराठीत वाचून दाखवलं. 'मी, भिवा मेस्त्री, मॅडमच्या सूचनेनुसार हे काम केले. त्यात काय बदल आहे, का आहे, याची मला माहिती नव्हती.' म्हटलं, इथे सही करा, बाकी मी बघते.

ते म्हणाले, "नाय करणार."

मला वाटलं, माझी नोकरी जाईल म्हणून संकोचताहेत. मी समजावलं. माझी काळजी करू नका, चूक माझी होती, मी निस्तरते, तुमचा व्हिसा महत्त्वाचा.

"मॅडम, ते नाय." त्यांनी पटाशी खाली ठेवली. "मला माहिती नव्हती असं लिहिलंय तुम्ही. मला माहिती नव्हती? दोन दारं कोणी दाखवली?"

"तुम्हीच, पण..."

"फळी कोणी बनवली? कोणी सांगायच्या आधी?"

"मेस्त्री, हे फक्त कागदावर आहे. तुमची नोकरी राहावी म्हणून."

"तीस वर्षं इथे जे सांगितलं ते केलं. अरबाचं केलं, लेबनानीचं केलं, तुमचं केलं. चुकीचं दिसलं तरी केलं, ड्रॉइंगवर आहे म्हणून. हे एक काम मी कोणी न सांगता केलं." त्यांचा आवाज चढला, मी तो कधी चढलेला ऐकला नव्हता. "माका कोणी सांगूक नाय. मीच केलंय. आणि ता पण तुम्ही तुमच्या नावावर लावतास?"

सगळं खातं आमच्याकडे बघत होतं. मी म्हटलं, हट्टीपणा करू नका, घरी बसून काय करणार आहात? हे मी बोलायला नको होतं. ते म्हणाले, "दारं करीन. एकेकच." आणि पाठ फिरवून गोणपाट बांधायला लागले.

मी स्वतःची नोकरी द्यायला निघाले होते! कोण करतं एवढं? आणि हा माणूस माझ्याशी भांडतोय.

रविवार, १२ ऑक्टोबर

मागची पानं चाळली. २३ सप्टेंबर. 'बनवून ठेवलीय, दहा दिवस झाले,' असं ते म्हणाले होते. त्याखाली मी काय लिहिलंय ते वाचलं. माझ्या मनातलं ओळखलं म्हणे. हाताखाली म्हणे.

दहा दिवस आधी म्हणजे तेरा तारीख. तेव्हा मी साहेबांकडे गेलेसुद्धा नव्हते. मी नुसती चिडत होते, आणि ते व्हिसाची तारीख डोक्यात ठेवून फळी घडवत होते. त्यांना काय जाईल ते माहीत होतं. मला नव्हतं. मग धाडस कुणाचं?

सगळ्या पानांवर 'मी' लिहिलंय. मी उघडलं, मी बंद करणार, मी जिंकले. शरम वाटली. पान फाडावंसं वाटलं, पण नाही फाडलं. राहू दे तिथेच.

सोमवार, १३ ऑक्टोबर

सकाळी आठला मेस्त्रींच्या खात्यात गेले. बाकडं रिकामं होतं, त्यावर पत्र ठेवलं आणि त्यांच्यासमोर फाडलं. म्हटलं, "तुम्ही सांगा, मी लिहिते."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, तोच तो, ड्रॉइंग बघताना चढवतात तसा, आणि उभ्या उभ्या सांगू लागले. मी तिथेच हाताने इंग्रजीत उतरवत गेले आणि प्रत्येक ओळ त्यांना मराठीत परत वाचून दाखवली.

'ड्रॉइंगमध्ये एकाऐवजी दोन दारे काढली, ती चूक विभावरी दातार यांची. ती चूक भिवा मेस्त्री यांनी दाखवली. दातार यांनी ती वर कळवली. कोणी ऐकले नाही. फळी भिवा मेस्त्री यांनी स्वतःच्या मनाने बनवली. दोन ऑक्टोबरला ती बसवायला दातार यांनी मदत केली.'

इथे मी थांबले. मदत केली? पण त्यांनी मान हलवली. "तुम्ही रंग लावलात," ते म्हणाले. मी लिहिलं.

'मूळ घराला एकच दार आहे. आता आमच्या कामालाही एकच आहे. ते बरोबर आहे.'

"अजून काही?" मी विचारलं.

"बस."

त्यांनी पेन घेतलं. सही मराठीत केली, सावकाश, पूर्ण नाव: भिवा सोनू मेस्त्री. बारा वर्षं एका छपराखाली काम केलं आणि त्यांच्या वडिलांचं नाव मला आज कळलं. त्यांच्या सहीखाली मी माझी केली.

दोघं मिळून केबिनमध्ये गेलो. खैरुद्दीन साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. पान उलटून मागची कोरी बाजूही बघितली.

"ये भेजूंगा तो दोनों जाओगे," ते म्हणाले. "समझ रहे हो? दोनों. और इसमें सॉरी कहाँ है?"

मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी मेस्त्री बोलले.

"सॉरी नहीं है, साहब. ठीक किया है, उसका सॉरी कैसा? भेजो."